शेवटचा फर्मा

१

माझं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं आहे. युरोपातल्या जुन्या कादंबऱ्या आणि नाटकं, त्यांची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत झालेली भाषांतरं, आता कोणाच्याच मालकीची उरलेली नाहीत. माझा एक जुना विद्यार्थी आता प्रकाशक आहे, तो ती शोधून काढतो. पानांचे फोटो घेतो, संगणक त्या फोटोंमधली अक्षरं ओळखतो आणि जिथे तो चुकला असेल तिथे मी दुरुस्ती करतो. मग मी चार पानांची प्रस्तावना लिहितो आणि पुस्तक एका चहाच्या भावात डिजिटल आवृत्ती म्हणून विक्रीला येतं. शंभर वर्षं जुनं ते अभिजात, असा या प्रकाशकाचा सरळ नियम. त्या नियमाने तुम्हीही लवकरच अभिजात व्हाल, असं ही म्हणायची.

ही म्हणजे माझी बायको.

निवृत्त झाल्यापासून मी सकाळी दहाला अभ्यासाच्या खोलीत जातो, दार लावतो आणि पाचला बाहेर येतो. दाराची पितळी मूठ सैल झाली आहे. बाहेरून कोणी तिच्यावर नुसता हात ठेवला तरी आतली मूठ किंचित हलते आणि बारीक खुळखुळ वाजते. दुरुस्त करून घ्यायचं राहून गेलं. बऱ्याच गोष्टी राहून गेल्या, त्यातली ही सगळ्यांत लहान.

हिच्या डोळ्यांत दोष झाला तेव्हापासून ही रोज दुपारी पावणेचारला त्या दाराशी यायची. वाचून दाखवता का थोडं, एवढंच विचारायचं असायचं. पॅसेजमध्ये चपला घासत यायच्या, मूठ खुळखुळायची आणि मग शांतता. ही आत यायची नाही. मी काम करतो आहे हे तिला माहीत असायचं. मी वर बघायचो नाही, कारण मी एखाद्या वाक्याच्या मध्यावर असायचो. म्हणजे नेहमीच असायचो असं नाही. कधीकधी नुसताच बसलेला असायचो, पेन हातात धरून, तिच्या चपला परत जाण्याची वाट बघत.

हे मी याआधी कोणाला सांगितलेलं नाही.

२

मुलीने दोन ई-रीडर पाठवले, एक मला आणि एक तिला. ही त्याला पाटी म्हणायची.

“आता अक्षरं हवी तेवढी मोठी कर,” मी म्हणालो. “आणि कंटाळा आला तर पाटीच वाचून दाखवेल. आतून बाई बोलते.”

“म्हणजे तुमची सुटका झाली म्हणा की.”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे. पण असू दे. ही बाई निदान मधे खाकरत नाही.”

तोवर हिच्या श्वासाचाही त्रास सुरू झाला होता. रोज पावणेचारला खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ही चार पानं वाचायची. पाचवं नाही. पाचव्या पानाला धाप लागते म्हणायची. रविवारी सुट्टी, कारण रविवारी त्या वेळेला मुलीचा फोन यायचा. पुस्तक आमच्याच मालिकेतलं, मीच तपासलेलं होतं. एका लहान देशातल्या लेखिकेची ती एकुलती एक कादंबरी. एक बाई लग्नाच्या अकराव्या वर्षी नवऱ्याच्या घरातून निघून जाते. नवरा वाईट नाही, मारत नाही, पीत नाही. फक्त ती खोलीत आली की तो मान वर करून बघत नाही. पुढे ती परत यायला निघते.

ही एकशे चाळिसाव्या पानावर असताना तिला दवाखान्यात हलवायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी ही दाराशी आली आणि या वेळेस चक्क दार उघडून आत आली.

“एवढंच सांगा. ही बाई घरी पोचते का हो शेवटी?”

“दारापर्यंत पोचते.”

“मग? तो दार उघडतो का?”

“आत्ताच सांगितलं तर वाचायची मजा काय राहिली?”

ही दाराला टेकून उभी होती. हसत होती की श्वास घेत होती, मला नीट कळलं नाही.

“मला घाई आहे, प्रोफेसर,” ती म्हणाली.

पाचव्या दिवशी ही गेली.

मी तिला शेवट सांगितला नाही, कारण मला तो माहीत नव्हता.

३

पूर्वी पुस्तकं फर्म्यांमध्ये छापायचे. एका मोठ्या कागदावर सोळा पानं, त्याच्या घड्या घालून जुडी करायची, ती जुडी म्हणजे फर्मा. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक झालं. आमच्या हाती आलेल्या प्रतीत तेरा फर्मे होते, दोनशे आठ पानं. चौदावा सुटून गेला होता. अनुक्रमणिकेत शेवटचं प्रकरण दोनशे सोळाव्या पानावर सुरू होतं, म्हणजे पुस्तक अपुरं आहे हे मला न कळण्यासारखं नव्हतं.

पण योगायोग असा की दोनशे आठवं पान पूर्णविरामाने संपत होतं. शेवटचं वाक्य होतं, ‘तिने दाराच्या मुठीला हात लावला आणि ती थांबली.’

परगावच्या एका ग्रंथालयात पूर्ण प्रत होती. या आणि उतरवून घ्या, असं त्यांचं पत्रही आलं होतं. मी गेलो नाही. प्रकाशकाला घाई होती. नाही, हेही खरं नाही. प्रकाशक म्हणाला होता, “सर, जाऊन या, थांबू आपण.” मलाच प्रवासाचा आळस होता. मी अनुक्रमणिकेतली शेवटची ओळ काढून टाकली, दोनशे आठव्या पानाखाली ‘समाप्त’ लिहिलं आणि प्रस्तावनेत दीड पान खर्चून असं म्हटलं की दार उघडलं की नाही हे न सांगण्यातच लेखिकेचं धाडस आहे आणि असा खुला शेवट त्या काळात दुर्मीळ होता. चाळीस वर्षं मी साहित्य शिकवलं. एवढी बेमालूम थाप मी पूर्वी मारली नव्हती.

कोणीही तक्रार केली नाही.

४

ही गेल्यानंतर सात महिन्यांनी प्रकाशकाचा फोन आला. त्या कादंबरीत साठाव्या पानाच्या आसपास एक शब्द चुकला आहे, बघता का. मी माझ्या पाटीवर पुस्तक उघडलं. पडद्यावर एक चौकट आली.

‘दुसऱ्या यंत्रावर तुम्ही पान १४४ वर आहात. तिथे जायचं का?’

खाली दोन पर्याय होते, हो आणि नाही. छापील पुस्तकातल्या पानांचे आकडे डिजिटल आवृत्तीत तसेच ठेवायचे, ही माझीच हौस.

मी ‘नाही’ दाबलं आणि चूक दुरुस्त केली. जेवताना आठवलं की ही एकशे चाळीसवर थांबली होती. मग वाटलं, मलाच नीट आठवत नसेल. नाकावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या माणसाने आकड्यांबद्दल पैजा मारू नयेत.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सहज उघडून बघितलं. १४८.

हिची पाटी तिच्या खोलीतल्या कपाटात होती, शालींच्या खाली. मी ती बाहेर काढली. बटण दाबलं, चार्जर लावला, पडदा काळाच राहिला. मागची बाजू फुगली होती. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात एक चुणचुणीत बाई बसते, मधे रविवार गेला, सोमवारी तिच्याकडे घेऊन गेलो. तिने पाठ उघडली आणि नाक मुरडलं.

“आजोबा, ही कधीच गेलीय. आतून सगळी गंजलीय बघा.”

“चालू होईल का?”

“चालू? हिला चार्जिंगला लावू पण नका, पेट घेईल. वस्तू आठवण म्हणून ठेवायची असेल तर ठेवा, बॅटरी मी काढून घेते.”

तिने बॅटरी काढून घेतली. मी हलकी झालेली पाटी खिशात घालून घरी आलो. चार वाजून गेले होते. माझ्या पाटीवर १५२ दिसत होतं.

५

पुढच्या रविवारी मुलीचा फोन आला. आकडा तेवढा त्या दिवशी हलला नव्हता, पण ते मी तिला आधी सांगितलं नाही.

“बाबा, तुमचं दोघांचं खातं एकच होतं ना? मग कुठल्यातरी तिसऱ्या यंत्रावर ते उघडं राहिलं असणार. आईचा फोन तर मी सगळा पुसून मग दिला.”

“रोज चारच पानं पुढे जातं.”

“सॉफ्टवेअर आहे, त्याला काय होतं? पासवर्ड बदला. थांबा, मी सांगते तसं करा.”

तिने सांगितलं तसं मी केलं. या खात्यावर कोणकोणती यंत्रं आहेत, त्याची यादी पडद्यावर आली. यादीत एकच होतं, माझं.

“झालं, बघा,” मुलगी म्हणाली. “आता नाही येणार.”

“आज रविवार म्हणून आकडा हलला नाही.”

मुलीने विषय बदलला.

“बाबा, वेळेवर जेवता ना?”

सोमवारी पावणेचारला मी पाटी समोर ठेवून बसलो होतो. आधी ती १७२ म्हणत होती. चारला पुन्हा पुस्तक बंद करून उघडलं, तर १७६. मधल्या पंधरा मिनिटांत घरात काय आवाज झाला ते मी कान देऊन ऐकलं होतं. फ्रीज घरघरला. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली. हिच्या खोलीतून काहीही ऐकू आलं नाही. तिथे कोणीतरी अगदी शांतपणे वाचत बसलं असतं तरी काही ऐकू आलं नसतं, हा विचार माझ्या मनात आला. तो मला आवडला नाही.

त्याच आठवड्यात प्रकाशकाशी बोलणं झालं. मी आडून आडून विचारलं, ती कादंबरी कोणी वाचतं का रे.

“सर, खरं सांगू? प्रती विकल्या जातात, वाचत कोणी नाही. कोण कुठवर पोचलं ते आम्हाला दिसतं ना. त्या पुस्तकात शंभराच्या पुढे कोणीच गेलेलं नाही.” मग त्याचा आवाज एकदम उजळला. “नाही, थांबा. एक जण आहे. सध्या वाचतंय. एकशे अठ्ठ्याऐंशी. बघा, म्हणजे तुमची मेहनत अगदीच पाण्यात गेलेली नाही!”

६

मला भीती कशाची वाटत होती हे नीट सांगायला हवं. हिच्या येण्याची मला भीती नव्हती. सात महिने मी दुसरं काय मागत होतो? भीती दोनशे आठव्या पानाची होती. ज्या बाईने मरणाच्या दारातून मला एक साधा प्रश्न विचारला, ती चार-चार पानं चालत त्या पानावर येणार होती आणि तिथे तिला माझा ‘समाप्त’ भेटणार होता. मग ती प्रस्तावना वाचेल. हिने माझी प्रस्तावना कधीच आधी वाचली नाही, नेहमी शेवटी वाचायची. तुमचं पांडित्य जेवणानंतरच्या बडीशेपेसारखं, म्हणायची.

मी परगावच्या ग्रंथालयाला फोन लावला. ग्रंथपाल तरुण होती, आवाज गोड होता. तिने दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि परत आली.

“सर, ती प्रत आता नाही आमच्याकडे. मागच्या वर्षी जागेची अडचण झाली, तेव्हा ज्या पुस्तकांची डिजिटल आवृत्ती निघालीय त्यांच्या छापील प्रती आम्ही रद्दीत काढल्या.”

“डिजिटल आवृत्ती कोणाची?”

“तुमचीच की, सर,” ती कौतुकाने म्हणाली. “प्रस्तावना फार छान आहे.”

मूळ भाषा मला येत नाही. मूळ पुस्तक त्या देशातही मिळत नाही, मी सगळीकडे लिहून बघितलं. म्हणजे ती सोळा पानं जिथे शेवटची होती, तिथून ती माझ्यामुळेच गेली.

तेव्हा मी ठरवलं की आपणच लिहायची. सोळा पानं. प्रकाशक म्हणाला होता की आवृत्तीत बदल करायला दोन दिवस लागतात. १९२ झालं होतं, म्हणजे २०८ पर्यंत चार दिवसांचं वाचन उरलं होतं. माझ्या हातात दोन दिवस होते.

पहिल्या मसुद्यात नवरा दार उघडतो आणि रडतो. वाचून मलाच ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्यात घर विकलेलं असतं आणि दार तिसराच माणूस उघडतो. ही नुसती प्राध्यापकी हुशारी झाली. तिसऱ्यात मी एकच वाक्य लिहिलं, ‘तो उठला आणि त्याने दार उघडलं,’ आणि त्यापुढे तासभर बसून राहिलो. दोनशे सात पानं ज्या माणसाने मान वर केली नाही, तो आता का उठेल? त्याला मूठ हललेली ऐकू आली, हे कारण पुरेसं नव्हतं. ती आधीही हललेली त्याला ऐकू आली असणार.

मी ते वाक्य खोडलं. प्रकाशकाला काहीही पाठवलं नाही.

७

बुधवारी आकडा २०८ झाला.

गुरुवारी २०८ च राहिला. मी स्वतःला समजावलं की संपलं. पुस्तकच तिथे संपतं, तर आकडा आणखी कुठे जाणार? रात्री नीट झोपलोही.

शुक्रवारी दुपारी मी टेबलाशी बसलो होतो. कामाला येणाऱ्या बाई बाराला गेल्या होत्या, बाहेरच्या दाराला मीच आतून कडी घातली होती. समोर एका नाटकाची पानं होती. तिसऱ्या अंकात संगणकाने एका पात्राचं नाव सगळीकडे चुकवलं होतं आणि मी ते एकेक करून दुरुस्त करत होतो. घड्याळाकडे मी बघितलं नव्हतं.

पॅसेजमध्ये चपला घासल्या.

खूप हळू. दर चार पावलांनी थांबत. शेवटच्या महिन्यात ही तशीच चालायची. आवाज हिच्या खोलीकडून आला, पुस्तकांच्या कपाटापाशी थांबला, पुन्हा निघाला आणि माझ्या दाराशी येऊन संपला.

मूठ खुळखुळली.

मी मान वर केली. एवढं मी केलं, ते नोंदवून ठेवतो. आतली मूठ एका बाजूला किंचित झुकली होती आणि तशीच राहिली होती. वाऱ्याने हलते तेव्हा ती हलून परत जागेवर येते. ही परत आली नाही. तिच्यावर पलीकडून वजन होतं, फार नाही, दमलेल्या माणसाने आधाराला हात ठेवावा तेवढं.

मी उठलो. गुडघा टेबलाला आपटला. दारापर्यंत पाच पावलं आहेत, ती मी चाललो आणि मूठ धरली. ती गार होती. माझ्या तळव्याखाली ती अगदी बारीक वर-खाली होत होती, श्वास घेतल्यासारखी. मी फिरवली असती तर दार उघडलं असतं. सैल मूठ आहे, जोर लागत नाही.

आणि मी विचारलं, “कोण आहे?”

का विचारलं, मला माहीत नाही. पस्तीस वर्षं ज्या चपला ओळखीच्या होत्या, ज्यांचा आवाज परत जाईपर्यंत मी पेन धरून बसायचो, त्या दाराशी आल्या आणि मी विचारलं, कोण आहे. बुद्धीला खात्री हवी होती, असं फार तर म्हणता येईल. बुद्धीला ती आयुष्यभर हवीच असते.

मुठीवरचं वजन गेलं. मूठ जागेवर आली.

मी दार उघडलं तेव्हा पॅसेजमध्ये उन्हाचा एक पट्टा होता आणि त्याच्या टोकाला हिच्या खोलीचं दार उघडं होतं. खिडकीजवळची खुर्ची नेहमीच्या जागी होती. मी बराच वेळ तिच्याशेजारी उभा राहिलो. मग टेबलाशी परत आलो आणि पाटी उघडली.

‘दुसऱ्या यंत्रावर तुम्ही पान २१२ वर आहात. तिथे जायचं का?’

८

शनिवारी २१६. रविवारी मुलीचा फोन, आकडा तोच. सोमवारी २२०. रोज मी ‘नाही’ दाबलं. जे पान नाही तिथे जाऊन काय करायचं, हे सांगायला कारण होतं. खरं कारण असं की तिथे काय लिहिलं आहे ते वाचायची माझी छाती नव्हती.

मंगळवारी २२४. तेरा फर्मे आणि चौदावा, पुस्तक तिथेच संपतं.

मी ‘हो’ दाबलं.

पडदा एकदा पांढरा झाला. मग क्षणभर एक पान दिसलं, शिशाच्या खिळ्यांच्या जुन्या छपाईचं, अर्धंच भरलेलं. छोट्या छोट्या ओळी होत्या, दोन माणसं एकमेकांशी बोलत असावीत तशा. खालून तिसऱ्या ओळीखाली रेघ होती. पुस्तकात रेघा मारायची सवय मला होती, हिला कधीच नव्हती. मी चष्मा सारखा करेपर्यंत पडदा पुन्हा लखलखला आणि २०८ वर येऊन थांबला. माझ्या ‘समाप्त’वर.

त्यानंतर ती चौकट कधी आली नाही.

मी प्रकाशकाला लिहिलं आहे की प्रस्तावना काढून टाक आणि शेवटी एक ओळ घाल, यापुढची सोळा पानं संपादकाच्या आळसामुळे गेली. तो म्हणाला, “सर, तुम्ही फारच मनाला लावून घेता. असं छापलं तर घेईल कोण?” मी म्हटलं, घेऊ नये कोणी. तो बघतो म्हणाला.

दार मी आता उघडंच ठेवतो. पावणेचारला काम थांबवून पॅसेजकडे तोंड करून बसतो, मांडीवर पुस्तक घेऊन. कोणी आलंच तर वाचून दाखवायला. मूठ हलत नाही. हलायचं कारणही नाही. दार उघडलं की नाही, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं, आणि ते ती स्वतः वाचून गेली.